घरच्या घरी लिनोकट: विषय निवडण्यापासून सही करण्यापर्यंत

मुद्राचित्रण, म्हणजे कोरलेल्या ठोकळ्यावरून किंवा पत्र्यावरून कागदावर चित्र छापणं, शिकायचं म्हटलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न हत्यारांचा असतो. कोणती घ्यायची, कुठे मिळतील, कितीला पडतील. हत्यारांबद्दल पुढे सांगतेच. पण मला त्याआधीचा एक प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: कोणीही सांगितलेलं नसताना तुम्ही काय बघत बसता? कुणी जुन्या वाड्यांच्या दारांच्या कड्या बघतं, कुणी खाडीवरचे पक्षी, कुणी एसटी स्टँडवर झोपलेली माणसं. पहिला लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर (लिनोवर) चित्र कोरून आणि शाई लावून काढलेला ठसा, त्यातूनच निघावा.

याला कारण माध्यमाचंच आहे. लिनोच्या ठशात राखाडी छटा मिळत नाही. जो भाग कोरून काढला तिथे कागदाचा पांढरा रंग दिसतो, जो ठेवला तिथे शाई. पेन्सिलीने चित्र काढताना नीट न कळलेली जागा हलक्या छायेत ढकलून देता येते, इथे ती सोय नाही. प्रत्येक जागेबद्दल ठेवायचं की काढायचं हे ठरवावंच लागतं, आणि एखाद्या वस्तूतलं काय काढलं तरी चालेल हे ती पुष्कळ वेळ पाहिलेल्या माणसालाच कळतं. इंटरनेटवरून मोराचा फोटो उतरवून कोरायला घेतला की हात पिसापिसाशी अडतो. रोज दिसणारा गच्चीवरचा कावळा कोरायला घेतला तर मानेचा बाक, चोचीचा जाडपणा आणि पायांची फाकलेली ठेवण आपल्याला आधीच पाठ असते.

माझं वेड तणांचं आहे. पावसाळा सुरू झाला की रस्त्याच्या कडेला, रिकाम्या प्लॉटवर, गटाराच्या काठावर जे उगवतं ते: टाकळा, कुर्डू, केना, आघाडा. गणपतीच्या पत्रीत आघाडा सगळेच वाहतात, पण त्याचा तुरा जवळून पाहणारे कमी. त्याची फळं देठाला चिकटून खाली तोंड करून असतात, त्यामुळे खालून वर बोट फिरवलं की टोचतात आणि कपड्यांना सहज अडकतात. हे एकदा बोटाला कळलं की कोरताना अख्खा तुरा दाखवायची गरज उरत नाही. खाली झुकलेल्या छोट्या काट्यांची एक ओळ पुरते. टाकळ्याचंही तसंच. पानाला पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या पानांच्या, तीन जोड्या, टोकाची जोडी सगळ्यांत मोठी आणि संध्याकाळी पर्णिका मिटतात. दिवसाचा टाकळा आणि रात्रीचा टाकळा ही दोन वेगळी चित्रं होतात.

मोठ्या मुद्राचित्रकारांचं कामही असंच त्यांच्या वेडातून आलेलं दिसतं. ज्योती भट्ट बडोद्याला ना. श्री. बेंद्रे यांच्या हाताखाली शिकले, पुढे नेपल्स आणि न्यूयॉर्कला गेले. परत आल्यावर मात्र ते गुजरात-राजस्थानातल्या खेड्यांत कॅमेरा घेऊन फिरत राहिले आणि भिंतींवरची चित्रं, अंगणातल्या रांगोळ्या, बायकांच्या अंगावरचं गोंदण टिपत राहिले. त्यांच्या एचिंगमध्ये (धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून काढलेल्या ठशांमध्ये) दिसणारे पोपट, मोर, गोंदणाचे आकार आणि गुजराती अक्षरं याच भटकंतीतून आलेली आहेत. चित्तप्रसाद यांचं उदाहरण मला त्याहून जवळचं वाटतं. १९४३ च्या दुष्काळात ते बंगालच्या खेड्यांतून पायी फिरले, उपाशी माणसं रेखाटली आणि त्या चित्रांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त केल्या. १९४६ पासून ते मुंबईत अंधेरीला राहिले आणि फार थोड्या पैशांत लिनोकट करत राहिले. कामाला जुंपलेल्या लहान मुलांवरची त्यांची लिनोकटची मालिका जरूर पाहा. त्यांना कठपुतळ्यांचंही वेड होतं, ते स्वतः बाहुल्या करत. त्यांच्या ठशांतले मोठे डोळे आणि ठळक हातवारे पाहताना मला त्या बाहुल्या आठवतात.

म्हणून हत्यारं आणण्याआधी आठवडाभर खिशात एक छोटी वही ठेवा. तुमच्या वेडाची वस्तू दिसेल तेव्हा काढा, पण पेन्सिलीने नको. जाड ब्रश-पेन किंवा काळा स्केचपेन घ्या. त्याला मधली छटा काढता येत नाही, त्यामुळे काळं-पांढरं ठरवायची सवय वहीतच लागते.

काय आणायचं

लिनोलियम मुळात फरशीवर घालायला तयार झालं. जवसाचं तेल, बुचाचा भुगा आणि मागे तागाचं कापड. कलासाहित्याच्या दुकानात त्याचे राखाडी किंवा तपकिरी तुकडे मिळतात. रबरासारखे मऊ ब्लॉकही मिळतात. ते लोण्यासारखे कापले जातात म्हणून नवख्यांना सुचवले जातात, पण मी सुचवत नाही. मऊ ब्लॉकवर हत्यार जास्त पळतं आणि रेघेची कड बोथट येते. खरा लिनो थोडा विरोध करतो आणि हाताला शिस्त लावतो. पहिला तुकडा १० × १५ सेंटीमीटरचा घ्या, त्याहून मोठा नको. जुना, कडा भुसभुशीत झालेला लिनो स्वस्तात देत असले तरी घेऊ नका, त्यावर बारीक रेघ टिकत नाही.

हत्यारं दोनच पुरतात: एक व्ही आकाराचं, एक यू आकाराचं. व्ही रेघेसाठी, यू मोकळी जागा साफ करण्यासाठी. पाच-सहा पात्यांचा स्वस्त सेट घेण्यापेक्षा त्याच पैशांत दोन बऱ्या पोलादाची हत्यारं घ्या. सोबत बारीक दाण्याचा धार लावायचा दगड आणि चामड्याची जुनी पट्टी असू द्या. बोथट हत्यारानेच हात कापतो, कारण जोर जास्त लावावा लागतो आणि मग ते एकदम सुटतं.

सुताराकडून प्लायवूडचा एक फूटभर चौकोन घ्या आणि त्याच्या एका कडेला वरून, समोरच्या कडेला खालून अशा दोन पट्ट्या मारून घ्या. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला ब्लॉक टेकतो. दुसऱ्या हाताने ब्लॉक धरून ठेवायची गरज जवळजवळ संपते. माझ्या मते सगळ्या सामानात ही सर्वांत महत्त्वाची वस्तू आहे आणि नवे लोक हीच वगळतात.

याशिवाय रबरी रोलर, शाई पसरायला काचेचा किंवा अॅक्रिलिकचा तुकडा (काचेच्या कडा घासून घेतलेल्या हव्यात), ट्रेसिंग पेपर आणि एक लाकडी पळी. प्रेस, म्हणजे दाब देऊन छापायचं यंत्र, लागत नाही.

चित्र ब्लॉकवर उतरवणं

ठसा उलटा येतो. ब्लॉकवर डावीकडे असलेलं कागदावर उजवीकडे जातं. झाडाझुडपांना फारसा फरक पडत नाही. अक्षरं, चेहरे आणि ओळखीच्या इमारती असतील तर पडतो.

सोपी रीत अशी. वहीतलं चित्र ट्रेसिंग पेपरवर ६बी पेन्सिलीने उतरवा. तो कागद पालथा घालून पेन्सिलीची बाजू लिनोवर ठेवा आणि मागून पळीने घासा. चित्र उलटं होऊन ब्लॉकवर उतरतं आणि छापल्यावर सुलटं येतं. पेन्सिल पुसट वाटली तर बारीक ब्रशने इंडियन इंकमध्ये पक्की करा. मार्कर टाळा, काहींचा रंग तेलाच्या शाईत विरघळून ठशात डोकावतो.

त्याआधी एक युक्ती: लिनोवर पातळ तांबड्या रंगाचा हात फिरवून तो सुकू द्या. कोरलेली प्रत्येक रेघ मग फिक्या रंगात उठून दिसते आणि प्रूफ (चाचणीचा ठसा) काढण्याआधीच चित्र कसं येणार याचा अंदाज येतो.

देवनागरी अक्षरं कोरणार असाल तर शिरोरेघ आधी कोरू नका. अक्षरांच्या आतल्या पोकळ्या आधी, मग बाहेरची बाजू आणि शेवटी शिरोरेघेच्या वरची कड पट्टी लावून एका दमात. उलटी अक्षरं कोरण्याचं काम आपल्याकडे जुनं आहे. नाना फडणवीसांनी पुण्यात तांब्याच्या पत्र्यांवर गीता कोरून घेण्याचा घाट घातला होता आणि पुढे १८०५ साली मिरजेत अशा पत्र्यांवरून गीता छापली गेली. एका तांबटाने अख्खी गीता उलट्या अक्षरांत कोरली हे आठवलं की आपल्या नावाची दोन-चार अक्षरं कोरायला धीर येतो.

कोरणं

थंडीत लिनो कडक होतो. दहा मिनिटं उन्हात ठेवा किंवा वर कापड घालून हलकी इस्त्री फिरवा. मे महिन्यात याची गरज पडत नाही.

हत्याराची मूठ तळहातात बसवा, तर्जनी पात्याच्या वरच्या अंगावर टेकवा. पातं जमिनीला जवळजवळ आडवं ठेवा. ते उभं केलं की लिनोत रुततं आणि तागाच्या कापडापर्यंत जातं. दुसरा हात नेहमी, म्हणजे अगदी नेहमी, पात्याच्या मागे. वळणावर हत्यार वळवू नका, ब्लॉक फिरवा. गोल पाकळी कोरताना माझा हत्याराचा हात जवळजवळ स्थिर असतो आणि डाव्या हाताने ब्लॉक सावकाश फिरत असतो.

आधी व्हीने आकारांच्या कडा कोरा, मग यूने मधला भाग काढा. कोरलेल्या कडेचा उतार बाहेरच्या बाजूला असावा, म्हणजे रेघ पायाशी रुंद आणि माथ्याशी अरुंद राहते. कड आतून पोखरली गेली तर बारीक रेघ दोन-चार प्रतींतच तुटते. मोकळी जागा किती खोल कोरायची? लिनोच्या जाडीच्या निम्म्यापर्यंत पुरे. मोठ्या मोकळ्या जागेत थोडे उंचवटे राहतात, त्यांना शाई लागते आणि ठशात बारीक ओरखडे दिसतात. ते सगळे घासून काढण्याची घाई करू नका. त्यांची दिशा तुमच्या हाताची दिशा असते. आघाड्याच्या मागची मोकळी जागा मी तुऱ्याच्या वाढीच्या दिशेनेच कोरते, म्हणजे राहिलेले ओरखडे रोपाच्या सोबत वर जातात.

काळं काढणं आणि पांढरं काढणं हे दोन वेगळे विचार आहेत. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी रेघ हवी असेल तर रेघेच्या दोन्ही बाजूंचं सगळं काढावं लागतं, त्यात वेळ जातो आणि रेघ बिचकत येते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी रेघ मात्र हत्याराच्या एका फटकाऱ्यात मिळते. पहिल्या ब्लॉकला दुसरी रीत घ्या. गर्द काळ्यातून वर येणारं गवताचं पातं एका हालचालीत निघतं आणि त्यात जो जोम येतो तो घासून-पुसून आणता येत नाही.

नको तिथे हत्यार घसरलं तर त्या रेघेला चित्रात जागा करून द्या. अगदीच चालणार नसेल तर खाचेत एम-सील भरा आणि पूर्ण सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरने पातळी जुळवा.

शाई

इथे दोन रस्ते आहेत. पाण्याच्या शाईचं धुणं-पुसणं सोपं, मुलांसोबत करायला बरी. पण एप्रिल-मे मध्ये, विशेषतः विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, ती कागद ठेवेपर्यंत ब्लॉकवरच सुकते. तेलाच्या शाईचा काळा रंग खोल येतो आणि कामाला पुरेसा वेळ मिळतो, मात्र ठसा सुकायला काही दिवस लागतात आणि कोकणातल्या जुलैत त्याहून जास्त. मोठं माणूस शिकत असेल तर मी तेलाचीच शाई सुचवते. छापखान्यांना माल पुरवणाऱ्या दुकानांत ऑफसेटची काळी शाई डब्यात मिळते आणि फार काळ पुरते. ती घट्ट वाटली तर जवसाच्या तेलाचे दोन-तीन थेंब मिसळा. जास्त पातळ केली तर बारीक रेघांत भरते.

काचेवर शाईची एक पट्टी ओढा आणि रोलर उभा-आडवा फिरवा. दर फेरीला रोलर उचलून पुन्हा टेकवा, नाहीतर त्याचा तोच भाग पुन्हा पुन्हा शाई घेतो. प्रमाण कानाने कळतं. शाईचा थर बरोबर असला की रोलरखालून बारीक, एकसारखी चरचर येते. चपचप असा ओला आवाज आला तर शाई जास्त आहे, काचेवरची थोडी खरवडून बाजूला करा. ब्लॉकवर एकच जाड थर देऊ नका, पातळ थर अनेकदा द्या. नव्या ब्लॉकचे पहिले दोन-तीन ठसे फिकेच येतात, कारण लिनो आधी स्वतः शाई पितो.

कागद आणि घासणं

हाताने छापायचं तर कागद पातळ हवा. ट्यूबलाइटसमोर धरला की मागच्या बोटांची सावली दिसली पाहिजे. नेपाळी कागद उत्तम, तो पातळ असूनही फाटत नाही. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथले कागद हातात घेऊन पाहण्यासाठी एकदा तरी जा. तिथला जाड, खरखरीत कागद देखणा असतो, पण तो प्रेसच्या दाबासाठी ठेवा. शाळेचा ड्रॉइंग पेपर हाताने छापायला जाड पडतो आणि काळ्यात पांढरे ठिपके राहतात.

एका मोठ्या कागदावर ब्लॉकची आणि ठशाच्या कागदाची जागा पेन्सिलीने आखून ठेवा, म्हणजे प्रत्येक प्रतीला समास सारखा येईल. शाई लावलेला ब्लॉक त्याच्या जागी ठेवा. स्वच्छ हातांनी कागद दोन कोपऱ्यांत धरून एक कड आधी टेकवा आणि बाकीचा सावकाश सोडा. टेकल्यावर सरकवू नका. वर बटर पेपर ठेवा आणि लाकडी पळीच्या पाठीने मधून बाहेर गोल गोल घासा. पळी नसेल तर स्टीलच्या वाटीचा गुळगुळीत तळ चालतो. कडांना आणि मोठ्या काळ्या भागांना जास्त वेळ द्या.

नंतर एक कोपरा उचलून आत पाहा. काळं भरलं नसेल तर कोपरा खाली ठेवून पुन्हा घासा. बाकीचा कागद जागेवरच असतो, त्यामुळे ठसा दुहेरी होत नाही. पूर्ण समाधान झाल्यावरच एका टोकाकडून सावकाश सोला.

प्रूफ वाचणं

पहिला ठसा म्हणजे प्रूफ. तो भिंतीवर लावा आणि पाच-सहा पावलं मागे या, मग आरशात पाहा. कुठे फार काळं साठलंय, कुठे नजर अडकून बसते, कुठला आकार वाचता येत नाही ते पाहा. बदल प्रूफवरच पांढऱ्या पोस्टर कलरने करून बघा आणि पटला तरच ब्लॉकवर कोरा. काढलेला लिनो परत येत नाही. या टप्प्यावर वही पुन्हा उघडा, शक्य असेल तर ती वस्तू पुन्हा जाऊन बघा. कुर्डूचा तुरा खाली पांढुरका आणि टोकाला गुलाबी असतो हे डोळ्यांना माहीत असतं, पण एका रंगाच्या ठशात तो फरक रेघांच्या दाटीने दाखवावा लागतो. खाली रेघा विरळ ठेवायच्या की दाट, हे रोपासमोर उभं राहूनच सुचतं.

प्रूफ काढताना प्रत्येक टप्प्याची एक प्रत तारीख घालून जपून ठेवा. काय बदललं आणि त्याने काय झालं याची इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या माध्यमात क्वचितच मिळते.

सुकवणं, सही, साफसफाई

दोरीला चिमटे लावून ठसे वाळत घाला. पावसाळ्यात पंखा चालू ठेवा आणि ठसे भिंतीला लागू देऊ नका. सुकल्यावर प्रत्येक दोन ठशांमध्ये बटर पेपर घालून सपाट ठेवा. कसर आणि ओल हे कागदाचे खरे शत्रू आहेत, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको.

आवृत्ती किती प्रतींची ते आधी ठरवा आणि ते पाळा. सही पेन्सिलीने ठशाच्या खाली करतात: डावीकडे क्रमांक, मध्ये शीर्षक, उजवीकडे सही. ३/१२ म्हणजे बारांपैकी तिसरी प्रत. आवृत्तीबाहेरच्या, स्वतःसाठी ठेवलेल्या प्रतींवर 'ए. पी.' (आर्टिस्ट्स प्रूफ, म्हणजे कलाकाराची प्रत) लिहितात. बारा लिहून तेरावी विकणं हा घेणाऱ्याचा विश्वासघात आहे, मग ती प्रत पन्नास रुपयांची का असेना.

तेलाची शाई काढायला आधी साधं खाद्यतेल आणि जुनं कापड, मग भांडी घासायचा साबण. टर्पेंटाइन वापरलंच तर खिडक्या उघड्या ठेवून. जवसाच्या तेलाने माखलेली कापडं गोळा करून डब्यात कोंबू नका. ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. पसरून वाळवा, मग टाका. ब्लॉक आडवा ठेवा, उन्हापासून दूर.

दुसरा ब्लॉक

दुसऱ्या ब्लॉकलाही विषय तोच घ्या. लोक इथे रंगाकडे वळतात: एकाच ब्लॉकवर थोडं कोरायचं, फिका रंग छापायचा, पुन्हा कोरायचं, त्यावर गडद रंग छापायचा. पिकासोने १९५० च्या दशकाच्या शेवटी ही रीत गाजवली. यात ब्लॉक हळूहळू नाहीसा होतो आणि मागे फिरता येत नाही, म्हणून सगळ्या प्रती पहिल्या रंगालाच छापून घ्याव्या लागतात. रीत सुंदर आहे, पण थोडी थांबवा. आधी तीच वस्तू काळ्या-पांढऱ्यात आणखी दोन-तीन प्रकारे कोरून बघा: एकदा फार जवळून, एकदा लांबून, एकदा फक्त तिची सावली.

प्रेसवर काम करायची इच्छा झाली, एचिंग किंवा लिथोग्राफी (दगडावर चित्र काढून छापणं) शिकावीशी वाटली, तर मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात आणि बडोद्याच्या ललित कला शाखेत मुद्राचित्रणाचं शिक्षण मिळतं. अहमदाबादच्या कनोरिया सेंटरमध्ये कलाकारांसाठी मुद्राचित्रणाची सोय आहे. प्रदर्शन लागलं की जा, ठशाच्या अगदी जवळ जाऊन शाईचा थर बघा आणि तिथे कुणी मुद्राचित्रकार भेटले तर प्रेसवर मदतीला येऊ का म्हणून विचारा. कागद भिजवायला आणि शाई पुसायला आणखी दोन हात मिळाले तर बहुतेकांना हवेच असतात. जाताना तुमचे घरी काढलेले ठसे आणि ती खिशातली वही बरोबर न्या. पुढे काय शिकवायचं हे ते वही बघून ठरवतील.